तारांचं टेन्शन आणि लाकडाची पाचर

इलेक्ट्रिक गिटार हौसेनं घेतली, पण रोजचा निम्मा वेळ ती सुरात आणण्यातच जातोय? मग बोटांना दोष देण्याआधी गिटारच्या पाठीवरचं झाकण उघडून बघा. दुखणं तिथे आहे, आणि औषध सुताराकडे!

ऑफिसात आपल्या रांगेत सहज विचारून बघा, कुणाच्या ना कुणाच्या घरी गिटार निघतेच. कॉलेजात हट्टानं घेतलेली, नाहीतर पहिल्या पगारातून. आता कुठे आहे? कपाटावर, कव्हरात, कव्हरावर धूळ. ‘वेळच मिळत नाही रे’ हे ठरलेलं उत्तर.

वेळ नाही हे खरंच आहे. मी राहतो दहिवलीला. कर्जत नगरपरिषदेतलं, उल्हास नदीकाठचं दहिवली. ऑफिस मुंबईत. सीएसएमटी ते कर्जत १०० किलोमीटर, लोकलनं दोन तासांच्या आसपास. डब्यात पत्ते होतात, भजन होतं, झोपही होते. घरी पोचून, जेवून हात धुवेपर्यंत साडेनऊ-दहा वाजतात. शेजारचं बाळ झोपायच्या आत हातात उरतो जेमतेम पाऊण तास. या पाऊण तासातली पंचवीस मिनिटं खुंट्या पिळण्यात गेली, तर माणूस गिटार कपाटावर टाकणारच की! तेव्हा आजचा विषय हाच. ही पंचवीस मिनिटं चोरतं कोण, आणि त्या चोराला पकडायचं कसं?

चोराचं नाव आहे फ्लोटिंग ट्रेमोलो ब्रिज. आपल्या भाषेत म्हणायचं तर तरंगती घोडी.

घोडी तरंगते म्हणजे काय?

तानपुरा किंवा सतार जवळून पाहिली असेल, तर घोडी माहीत असेल. तारा जिच्यावरून जातात तो ठोकळा म्हणजे घोडी. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मिरजेच्या तानपुऱ्याची घोडी तबलीवर कशी ठाण मांडून बसलेली असते! सूर बदलायचा तर खुंटी पिळायची, केसभर फरक हवा असेल तर मणी सरकवायचा. घोडी मात्र जागची हलत नाही. साध्या गिटारचंही तसंच.

आता ज्या इलेक्ट्रिक गिटारला लोखंडी दांडी लटकलेली असते, ती आठवा. व्हॅमी बार. या गिटारची घोडी बिजागरीसारखी पुढच्या कडेवर टेकलेली असते, मागून मोकळी. दांडी खाली दाबली की घोडी पुढे झुकते, तारा सैल पडतात आणि सहाच्या सहा स्वर घसरगुंडीवरून खाली येतात. दांडी वर ओढली की तारा ताणतात, स्वर चढतात.

मग घोडी एरवी आडवी कशी राहते? तिच्या खाली गिटारच्या पोटात एक धातूचा ठोकळा लोंबत असतो आणि त्याला तीन ते पाच जाड स्प्रिंगा अडकवलेल्या असतात. तारा घोडीला एका बाजूला ओढतात, स्प्रिंगा उलट्या बाजूला. शाळेतली रस्सीखेच आठवते? दोन्हीकडची पोरं सारख्याच ताकदीची असली की मधला रुमाल जागच्या जागी थरथरत राहतो. तरंगती घोडी म्हणजे तो रुमाल.

आणि ही रस्सीखेच लहान पोरांची नाही. नेहमीच्या बारीक तारांचा संच, गिटारवाले ज्याला ‘नऊ-बेचाळीस’ म्हणतात, फेंडर मापाच्या गिटारवर सुरात लावला की सहा तारांची मिळून ओढ भरते सुमारे ३८ किलो! जरा जाड ‘दहा-सेहेचाळीस’ लावल्या तर ती जाते ४७ किलोच्या आसपास. एवढं टेन्शन तर मार्च-एन्डला आपल्या अकाउंट्स डिपार्टमेंटवरही नसतं.

एका अकाउंटंटची करामत

अकाउंट्सवरून आठवलं. हे सगळं प्रकरण ज्यानं लोकप्रिय केलं तो लिओ फेंडर मुळात अकाउंटंट होता. मंदीत नोकरी गेली म्हणून त्यानं १९३८ साली कॅलिफोर्नियात रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. गिटार त्याला स्वतःला वाजवता येत नव्हती. पण १९५४ मध्ये त्याच्या कंपनीनं बाजारात आणलेली स्ट्रॅटोकास्टर आजही जगभर वाजते. तिच्या घोडीला त्यानं नाव दिलं ‘सिंक्रोनाइज्ड ट्रेमोलो’. नावात घोळच आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. स्वर खाली-वर हलतो त्याला म्हणतात व्हायब्रेटो. आपल्याकडे आंदोलन म्हणतात, साधारण त्याच्या जवळचं. पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं.

फेंडरच्या घोडीला एक खोड होती. दांडी जोरात दाबून सोडली की तारा नटामध्ये, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीत, अडकायच्या आणि परत मूळ सुरावर यायच्या नाहीत. त्यावर तोडगा काढला फ्लॉइड रोज नावाच्या अमेरिकन गिटारवाल्यानं. १९७९ साली त्याला पेटंट मिळालं. कल्पना साधी होती. तार दोन्ही टोकांना चिमट्यात आवळून टाकायची, नटापाशी आणि घोडीपाशी. मग अडकायला, सरकायला वावच नाही. पण नट आवळल्यावर वरच्या खुंट्या निकामी होतात, म्हणून पुढे घोडीवरच बारीक सुरासाठी छोटे स्क्रू आले. तानपुऱ्याच्या मण्यांचे लांबचे अमेरिकन भाऊच म्हणा ना!

ऐंशीच्या दशकात फ्लॉइड रोजची चलती झाली. स्टीव्ह वायसाठी १९८७ मध्ये आयबानेझनं जी गिटार काढली, तिच्यात घोडीच्या खाली लाकूड कोरून खळगा केला, की दांडी वरही हवी तेवढी ओढता यावी. तेव्हापासून ‘रॉक’ दिसणाऱ्या असंख्य गिटारांना अशी तरंगती घोडी येते. आपण दुकानात जातो, ती चकचकीत यंत्रसामग्री बघतो आणि म्हणतो, सही आहे! घरी आल्यावर खरी गंमत सुरू होते.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं

रस्सीखेचीत एका पोरानं हात सोडला तर काय होतं? रुमाल पळतो. इथेही तेच.

तिसरी तार बोटानं ताणून सतारीसारखी मींड घ्यायला जा. ताणलेल्या तारेनं घोडी पुढे ओढली, म्हणून बाकीच्या पाच तारा उतरल्या. एकटी तार वाजवत असाल तर खपून जातं, पण सोबत दुसरी तार वाजत असेल तर ती बेसूर.

हाताचा तळवा घोडीवर टेकवून तारा दाबून वाजवायची सवय असेल, तर हाताच्या वजनानं घोडी मागे कलते आणि सूर चढतात.

जाडी तार एका स्वरानं उतरवून ‘ड्रॉप डी’ करायचं? बारीक संचातल्या त्या एका तारेची ओढ साधारण पावणेसात किलोवरून सव्वापाचवर येते. दीड किलोच्या आसपास वजन एका बाजूनं कमी झालं, मग स्प्रिंगांनी घोडी मागे खेचली आणि उरलेल्या पाच तारा चढल्या. त्या उतरवायला जावं तर पहिली पुन्हा हलते.

साधं ट्यूनिंगसुद्धा याच चक्रात फिरतं. पहिली तार लावली, दुसरी लावली, की पहिली गेली. सहावीपर्यंत पोचून परत पहिलीपासून. तीन-चार फेऱ्या झाल्याशिवाय रुमाल स्थिर होत नाही.

आणि सगळ्यात मोठा दणका म्हणजे तार तुटणं. साध्या गिटारवर एक तार तुटली तर उरलेल्या पाचांवर गाणं निभावून नेता येतं. तरंगत्या घोडीवर एक तार तुटली की स्प्रिंगा घोडीला मागे ओढतात आणि पाचही तारा एका फटक्यात वर चढतात. गाणं तिथेच संपतं.

शहरात राहणाऱ्याला यात एवढं काय, असं वाटेल. पण आमच्याकडे मनासारखा संच हवा तर एक तर ऑनलाइन मागवून कुरिअरची वाट बघायची, नाहीतर रविवारी लोकल पकडून मुंबई गाठायची. सीएसएमटीहून चालत धोबीतलाव. १८६५ पासूनचं फुर्टाडोज तिथलं. एकेकाळी याच धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक गाजायचं, १९८६ साली सुरू झालेला मुंबईचा रॉक महोत्सव. मुंबईच्या रॉकवेड्यांची ही जुनी पंढरी. वारी छान होते, पण एका तारेसाठी जाऊन-येऊन २०० किलोमीटर!

चाकाखालचा गुटका

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात. रेल्वेतून रिटायर झालेले, नोकरीतली बरीच वर्षं घाटात काढलेले. कर्जतकराला घाट म्हणजे काय ते सांगायला नको. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली, आणि ३७ फुटांत एक फूट असा चढ तिथे आजही चढावा लागतो. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात. तेवढ्यात लोक खाली उतरून वडापाव घेतात आणि मग सगळी वरात वर निघते.

एका रविवारी मी गिटार पालथी टाकून, झाकण उघडून बसलो होतो. काका पेपर परत द्यायला आले ते वाकून बघतच राहिले.

‘‘हे काय रे? गिटारला स्प्रिंगा?’’

मी त्यांना रस्सीखेच समजावून सांगितली. तारा इकडे ओढतात, स्प्रिंगा तिकडे. काकांनी चष्मा वर केला.

‘‘म्हणजे तुझी गाडी चढावर उभी आहे, आणि तिला अडवायला नुसत्या स्प्रिंगा?’’

‘‘तसंच समजा काका.’’

‘‘मग गुटका लाव की! आम्ही चढावर डबे उभे केले तर कधी नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला नाही. ब्रेक तर लावायचाच, पण चाकाखाली लाकडी गुटकाही सारायचा. ब्रेक उतरेल एक वेळ, गुटका कशाला उतरतोय?’’

घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे क्लीनर दगड टाकतो, तोच हा फंडा. आणि गंमत म्हणजे जगातले मोठमोठे गिटारवाले नेमकं हेच करत आलेत.

एरिक क्लॅप्टनचंच बघा. स्ट्रॅटोकास्टर म्हटलं की त्याचं नाव येतं. पण तो दांडी वापरत नाही आणि त्याच्या गिटारची घोडी लाकडाचा तुकडा घालून पक्की केलेली असते. फेंडरनं १९८८ मध्ये त्याच्या नावानं गिटार काढली, तीही तशीच. दुसरं टोक म्हणजे एडी व्हॅन हेलन, २०२० साली गेलेला. फ्लॉइड रोज घराघरात पोचवण्यात त्याचा मोठा वाटा, दांडीचा तर बादशहा! पण त्याची घोडी तरंगायची नाही. ती गिटारच्या अंगावर टेकलेली असायची. दांडी खाली दाबता यायची, वर ओढता यायची नाही. म्हणजे ज्याच्याकडे बघून पोरांनी तरंगत्या घोड्या घेतल्या, तो स्वतः गुटका लावलेल्या गाडीवर होता म्हणायचं!

तीन रस्ते

घोडी स्थिर करायचे रस्ते मुख्य तीन. आपली गिटार आणि आपली गरज बघून निवडायचा.

पहिला रस्ता, घोडी अंगावर टेकवणं. साध्या स्ट्रॅटसारख्या गिटारवर घोडीखाली सपाट लाकूड असतं. पोटातल्या स्प्रिंगा एका पत्र्याच्या पट्टीला अडकवलेल्या असतात, तिला क्लॉ म्हणतात. क्लॉचे दोन लांब स्क्रू आवळायचे, गरज पडली तर तीनाच्या जागी पाच स्प्रिंगा लावायच्या. स्प्रिंगांची ओढ तारांपेक्षा जास्त झाली की घोडी अंगावर घट्ट बसते. खर्च जवळजवळ शून्य. मात्र घोडी खाली बसली की तारांची उंचीही कमी होते, ती घोडीवरून पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

दुसरा रस्ता, एका बाजूनं पाचर. घोडीखाली खळगा असेल तर टेकायला जागाच नसते. तिथे पोटातल्या ठोकळ्यापुढे, मानेच्या बाजूला लाकडाची पाचर घालायची. मग ठोकळा पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे घोडी मागे कलू शकत नाही. दांडी दाबली की सूर उतरतात, सोडली की ठोकळा पुन्हा पाचरीवर येऊन बसतो. तार तुटली तरी बाकीच्या चढत नाहीत. माझं मत या रस्त्याला.

तिसरा रस्ता, दोन्ही बाजूंनी पाचर. ठोकळ्याच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे लाकूड. घोडी तानपुऱ्यासारखी ठाम. दांडी काढून ड्रॉवरमध्ये टाकायची.

लाकडाच्या भानगडीत पडायचं नसेल तर तयार यंत्रंही निघालेली आहेत. ‘ट्रेमॉल-नो’ नावाची एक जोडणी क्लॉ आणि ठोकळा यांच्यामध्ये बसते. तिचे स्क्रू बोटांनी फिरवून घोडी तरंगती, अर्धी मोकळी किंवा पूर्ण बंद करता येते. व्हॅन हेलनच्या नावाची ‘डी-ट्यूना’ ही चिमुकली नळी ओढली की जाडी तार झटक्यात एका स्वरानं उतरते, पण तिची अटच अशी की घोडी तरंगती नको. थोडक्यात, फिरून फिरून गाडी गुटक्यापाशीच येते.

पाचर मारावी ती अशी

मराठीत ‘पाचर मारणं’ म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणं. इथे मात्र ते पुण्याचं काम आहे.

सगळ्यात आधी नवीन तारा लावून घोडी अंगाशी समांतर होईल अशी गिटार सुरात आणा. हीच स्थिती आपल्याला कायम करायची आहे, म्हणून इथे घाई नको. फ्लॉइड असेल तर नटाचे चिमटे सोडूनच खुंट्यांना हात लावा. बहुतेक ठिकाणी त्याला ३ मिलिमीटरची अॅलन की लागते. घोडीवरचे बारीक सुराचे स्क्रू मधोमध ठेवा, म्हणजे नंतर दोन्हीकडे वाव राहतो.

मग गिटार उशीवर पालथी टाका आणि मागचं झाकण काढा. स्प्रिंगा दिसतील, त्या जिला अडकल्यात ती पट्टी म्हणजे क्लॉ. क्लॉला एक वायर झाळलेली असते. ती तुटली तर गिटार घूं घूं करायला लागते, म्हणून तिला धक्का लावायचा नाही. स्प्रिंगांचं दुसरं टोक ज्याला अडकलंय तो ठोकळा. स्प्रिंगांच्या खालच्या अंगाला ठोकळा आणि लाकडी भिंत यांच्यामध्ये फट असते. त्या फटीचं माप घ्यायचं. हात जात नसेल तर मधली एक स्प्रिंग तात्पुरती काढा.

मी कागदाची घडी फटीत बसवून माप घेतलं आणि गिटार घेऊन दहिवलीतल्याच एका सुतारदादांकडे गेलो. दाराच्या चौकटीचे सागवानी तुकडे तिथे पडलेलेच होते. दादांनी गिटारच्या पोटात डोकावून पाहिलं.

‘‘दादा, अगदी मापात बसायला हवं.’’

‘‘मापापेक्षा जरा जाड कापू, मग घालून बघत बघत रंधा मारू. जास्तीचं काढता येतं, कमी पडलेलं लावता येत नाही.’’

हे वाक्य फ्रेम करून प्रत्येक ऑफिसात लावायला हवं! ठोकळा आणि भिंत अगदी समांतर नसतात, त्यामुळे तुकडा एका बाजूला किंचित निमुळता लागतो. म्हणूनच ती पाचर. तीन वेळा रंधा मारल्यावर ती अंगठ्याच्या जोरानं आत गेली आणि तिथेच राहिली. दादा पैसे घ्यायला तयार नव्हते, शेवटी चहा आणि भज्यांवर मिटलं.

दोन गोष्टी मात्र पाळायच्या. पाचरीवर हातोडी मारायची नाही, गिटारचं लाकूड तडकतं. आणि फेव्हिकॉल लावायचा नाही, कारण उद्या विचार बदलला तर ती काढता यायला हवी. केसभर सैल वाटली तर जुनं व्हिजिटिंग कार्ड कापून मागे सरकवा. नोकरी बदललेल्यांकडे त्याचा साठा असतोच.

पाचर बसली की क्लॉचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळा. आता स्प्रिंगांची ओढ तारांपेक्षा थोडी जास्त झाली, ठोकळा पाचरीवर दाबून बसला. आणि मग परीक्षा. आपल्याकडे म्हणतात ना, खुंटा हलवून बळकट करावा? तसंच करायचं. जाडी तार मोकळी वाजवा आणि ती वाजत असतानाच तिसरी तार बोटानं ताणा. जाडीचा सूर ढळला तर स्क्रू आणखी अर्धा फेरा. ढळला नाही तर झालं काम. फार आवळूही नका, नाहीतर दांडी दाबायला पैलवान बोलवावा लागेल.

गणपतीतली संध्याकाळ

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते गणपतीत.

बिल्डिंगच्या गणपतीत एका संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम असतात. दुसऱ्या मजल्यावरची चौथीतली मुलगी पहिल्यांदाच माइकसमोर गाणार होती. पेटीवाले काका गावाला गेलेले, त्यामुळे साथीला फक्त मी आणि गिटार. तिच्या आईनं दोनदा येऊन विचारलं, ‘‘दादा, तिचा सूर जाणार नाही ना?’’ मुलगी गोरीपान, पण भीतीनं लालबुंद झालेली. हातात ओढणीचं टोक, नजर जमिनीवर.

पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी टण्णकन आवाज झाला आणि माझी सर्वांत बारीक तार तुटून हातावर आली. तरंगती घोडी असती तर त्याच क्षणी उरलेल्या पाच तारा वर चढल्या असत्या. नवख्या गळ्याला सूर धरायला कानात एकच आधार होता, तो पायाखालून सरकला असता. पोरगी बावरली असती, थांबली असती. आणि पहिल्यांदा गाताना जी मुलं अशी थांबतात, त्यातली बरीचशी पुन्हा माइकजवळ जातच नाहीत.

तसं काही झालं नाही. ठोकळा पाचरीला टेकून होता, तिथेच राहिला. पाच तारा जिथल्या तिथे. तुटलेल्या तारेचे स्वर मी खालच्या तारांवर घेतले आणि गाणं पुढे गेलं. तिला काही कळलंही नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली.

पहिल्या रांगेत रेल्वेवाले काका बसले होते. त्यांना मात्र टण्णकन ऐकू गेलं होतं. प्रसादाच्या रांगेत भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, ‘‘गुटका धरला ना?’’

मग स्वातंत्र्याचं काय?

आता कुणी म्हणेल, तरंगती घोडी घेतली आणि तिलाच बांधून टाकलं, याला काय अर्थ? बरोबर आहे. पाचर घातली की काहीतरी जातं. २०२३ मध्ये गेलेला जेफ बेक दांडीवर बोटं ठेवून एकेका स्वराला असं हलवायचा, की गिटार गातेय असं वाटावं. आपल्या गायकीतलं आंदोलन, वरून खाली येणारी मींड हे सगळं तरंगत्या घोडीवर छान निघतं, आणि त्यासाठी दांडी वर-खाली दोन्हीकडे जायला हवी. ज्याला ते वाजवायचंय, ज्याच्याकडे रियाजाला रोजचे तीन तास आहेत, त्यानं घोडी खुशाल तरंगती ठेवावी. तीन-चार फेऱ्यांचं ट्यूनिंग त्याच्या हाडीमासी मुरतं.

पण आपल्यापैकी बहुतेक जण दांडी किती वेळा वर ओढतो? एका आठवड्यात मोजून बघा. जी सूट आपण वापरतच नाही, तिचा हप्ता रोज का भरायचा? एका बाजूनं पाचर घातली की वर जायचा रस्ता बंद होतो, खाली यायचा मोकळा राहतो. व्हॅन हेलनला तेवढं पुरलं. आपल्यालाही पुरेल. आणि नाहीच पुरलं तर पाचर बोटांनी काढता येते, क्लॉचे स्क्रू होते तिथे सैल करता येतात आणि घोडी पुन्हा तरंगायला लागते. गिटारला एक ओरखडासुद्धा न पडता.

माझी पाचर अजून आत आहे. तिची एक जुळी बहीण सुतारदादांनी त्याच सागवानातून कापून दिली होती, ती गिटारच्या कव्हरात ठेवलीय. कुणी मित्र तरंगत्या घोडीचं रडगाणं घेऊन आला की त्याच्या हातात तीच देतो. म्हणतो, हे माप धर आणि तुझ्या गल्लीतला सुतार गाठ!

पावसाळ्याचा मंत्र

कर्जतचा पाऊस माणसांना आवडतो, गिटारला नाही. त्यासाठी चार गोष्टी.

• बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका. गिटारच्या कव्हरात टाका.

• वाजवून झालं की तारा सुक्या फडक्यानं पुसा. घामानं आणि दमटपणानं तारा गंजतात आणि गंजलेली तार आधी तुटते.

• फ्लॉइडची घोडी सुरीसारख्या दोन धारांवर दोन जाड स्क्रूंना टेकलेली असते. तिथे गंज किंवा धूळ बसली की घोडी मूळ जागी परत येत नाही. वर्षातून एकदा तारा सैल करून ती जागा पुसा आणि तेलाचा अगदी एक थेंब द्या. साध्या स्ट्रॅटला नटाच्या खाचांत पेन्सिलचं शिसं घासलं तरी पुरतं.

• सागवानी असली तरी पाचर लाकडाचीच आहे. पाऊस सुरू होताना आणि संपताना एकदा झाकण काढून ती अंगठ्यानं दाबून बघा. घट्ट असेल तर झाकण लावा आणि वाजवायला बसा.